ॲटनबरो : एका विरळ इंग्रजी आडनावाचे प्रकरण

रिचर्ड ॲटनबरो यांनी दिग्दर्शित केलेल्या १९८२ च्या ‘गांधी’ चित्रपटामुळे हे आडनाव मराठी घरांत पोचले. त्या चित्रपटात कस्तुरबांची भूमिका पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांनी केली, गोपाळ कृष्ण गोखले श्रीराम लागू यांनी उभे केले, आणि वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्याबरोबर मूळच्या कोल्हापूरच्या भानू अथैया यांना ऑस्कर मिळाले. भारतीय व्यक्तीला मिळालेले ते पहिले ऑस्कर होते. रिचर्ड यांचे धाकटे बंधू डेव्हिड यांचे निसर्गपट त्यानंतरच्या पिढ्या दूरचित्रवाणीवर पाहत आल्या आहेत. सतत कानांवर पडणारे आडनाव त्या देशात पुष्कळांचे असणार, असा आपला सहज समज होतो, पण या आडनावाच्या बाबतीत तो खरा नाही. ब्रिटनमध्ये स्मिथ आडनावाची माणसे पाच लाखांहून अधिक आहेत, तर ॲटनबरो हे आडनाव अभ्यासकांनी विरळ गटात धरलेले आहे. परिचय आणि संख्या यांच्यात एवढी तफावत असलेली इंग्रजी आडनावे फार थोडी असतील, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर तपासण्यासारखे आहे. आडनाव कोठून आले, ते विरळ का राहिले आणि ते लावणारी माणसे खरोखर एकाच पूर्वजाची आहेत का, हे त्यातले प्रश्न आहेत.

गाव आणि गढी

नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येस, ट्रेंट नदीच्या काठी, ॲटनबरो नावाचे गाव आहे. बीस्टन, चिलवेल आणि टोटन ही त्याची शेजारची गावे आहेत. गावात सेंट मेरीचे जुने चर्च आहे. ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई आणि संसदेच्या सैन्याचा सेनापती हेन्री आयर्टन याचा जन्म १६११ मध्ये याच गावात झाला. स्थलनामांचे अभ्यासक गावाच्या नावाची फोड अशी करतात की, अड्डा किंवा त्याच्याशी मिळतेजुळते नाव असलेल्या एका अँग्लो-सॅक्सन माणसाशी संबंधित ‘बर्ह’, म्हणजे तटबंदीचे ठिकाण. पुढे याच ‘बर्ह’चा अर्थ जमीनदाराचा मोठा वाडा असाही झाला. तटबंदी आणि वाडा हे दोन्ही अर्थ सामावणारा आपला ‘गढी’ हा शब्द त्याला जवळचा आहे.

गावाच्या नावावरून आडनाव पडण्याची रीत मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. चिपळुणात राहणाऱ्या माणसाला चिपळूणकर म्हणून कोणी ओळखत नाही. तो दुसरीकडे जाऊन राहिला की तेथील लोक त्याला त्या नावाने हाक मारू लागतात. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये हेच घडत होते, फक्त तेथे ‘कर’सारखा प्रत्यय नव्हता. लॅटिन आणि फ्रेंच दस्तऐवजांत गावाच्या नावाआधी ‘चा’ या अर्थाचा ‘द’ लिहिला जाई आणि पुढे तो गळून नुसते गावाचे नाव उरे. म्हणून अशा आडनावाच्या पहिल्या नोंदी बहुधा त्या गावात सापडत नाहीत, तर आसपासच्या गावांत, बाजारपेठेत किंवा जवळच्या शहरात सापडतात. १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर सरदारघराण्यांत वंशपरंपरागत आडनावे रूढ होऊ लागली. सामान्य शेतकरी आणि कारागिरांपर्यंत ती साधारणपणे १२५० ते १४०० या काळात पोचली, दक्षिणेत आधी आणि उत्तरेकडे नंतर. १३७७, १३७९ आणि १३८१ या वर्षांच्या डोईपट्टीच्या याद्या त्यामुळे महत्त्वाच्या ठरतात, कारण सामान्य माणसांची नावे इतक्या मोठ्या प्रमाणावर एकत्र दाखवणारे त्याआधीचे कागद थोडेच आहेत.

या आडनावाची दुसरी व्युत्पत्तीही सांगितली जाते आणि तीही तितकीच गंभीरपणे विचारात घ्यावी लागते. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अमुक ठिकाणापाशी राहणारा’ हे सांगण्यासाठी ‘ॲट’ या अव्ययाला निश्चित उपपद जोडून ‘ॲटन’ असे रूप होत असे. ॲश वृक्षापाशी राहणारा ‘ॲटन ॲश’ बोलण्याच्या ओघात ‘नॅश’ झाला, आणि ओक वृक्षांपाशी राहणाऱ्याचे ‘नोक्स’ झाले. याच न्यायाने ‘ॲटन बरो’ म्हणजे गढीपाशी किंवा वाड्यापाशी राहणारा, असा अर्थ लावता येतो. तसे असेल तर या आडनावाचा नॉटिंगहॅमजवळच्या गावाशी काही संबंधच राहत नाही, कारण गढ्या साऱ्या इंग्लंडभर होत्या.

या दोन मतांपैकी एक निवडायचे झाल्यास मी गावाच्या बाजूने कौल देईन, आणि त्याचे एक कारण व्याकरणात आहे. प्राचीन इंग्रजीत नामांना लिंग होते आणि ‘बर्ह’ हे स्त्रीलिंगी नाम होते. स्त्रीलिंगी नामापूर्वी ‘ॲटन’ नव्हे, तर ‘ॲटर’ हे रूप यायला हवे, आणि ‘बर्ह’चे विभक्तीतले रूपही ‘बरी’च्या जवळ जाणारे होते. या नियमाने वाड्यापाशी राहणाऱ्याचे आडनाव ‘ॲटरबरी’ असे व्हायला हवे, आणि ते आडनाव इंग्लंडमध्ये प्रत्यक्षात आहे. अठराव्या शतकातील रोचेस्टरचे बिशप फ्रान्सिस ॲटरबरी हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. बाराव्या-तेराव्या शतकांत व्याकरणातील लिंगभेद विस्कळीत होत गेला आणि ‘ॲटन’ हे रूप कोठेही लावले जाऊ लागले, हा आक्षेप योग्य आहे आणि त्यामुळे व्याकरणाचा पुरावा एकट्याने निर्णायक ठरत नाही. परंतु त्याला भूगोलाची जोड मिळते. हे आडनाव आणि त्याची ‘ॲटनबरो’सारखीच ऐकू येणारी, पण वेगळ्या वर्णलेखनाची भावंडे नॉटिंगहॅमशायर आणि त्याला लागून असलेल्या डर्बीशायर परिसरात एकवटलेली दिसतात. ‘गढीपाशी राहणारा’ असा सर्वसाधारण अर्थ असता, तर हे नाव अनेक परगण्यांत स्वतंत्रपणे उगवले असते आणि आज ते विरळही राहिले नसते.

रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो हे स्टेपलफर्डचे. हे गाव ॲटनबरो गावापासून सरळ रेषेत पाच किलोमीटरच्या आत आहे. गावाचे नाव लावणारे कुटुंब विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरही त्या गावाच्या हाकेच्या अंतरावर असावे, ही गोष्ट मला कोणत्याही व्युत्पत्तीकोशापेक्षा अधिक बोलकी वाटते.

संख्या कमी का राहिली

आडनाव विरळ असले म्हणजे ते फार प्राचीन किंवा फार कुलीन असले पाहिजे, अशी समजूत इंग्लंडमध्ये आहे आणि आपल्याकडेही आहे. आडनावाचे ‘कुलचिन्ह’ छापून विकणारे दुकानदार याच समजुतीवर धंदा करतात. प्रत्यक्षात इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला कधीच दिलेले नसते, ते एका विशिष्ट व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना दिलेले असते. विरळपणाचे खरे कारण बरेच साधे आहे आणि ते गणितातून नीट उमगते.

व्हिक्टोरियन काळात प्रतिष्ठित घराण्यांची नावे एकामागून एक नाहीशी होताना दिसत होती आणि त्यामागे घराण्यांची शारीरिक अवनती आहे की निव्वळ योगायोग, असा वाद होता. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७३ मध्ये हा प्रश्न गणिती रूपात मांडला आणि हेन्री वॉटसन यांनी त्याची उकल करण्याचा प्रयत्न केला. दोघांचा निबंध १८७४ मध्ये आला. वॉटसन यांचा निष्कर्ष असा निघाला की, सर्वच आडनावे अखेरीस नष्ट होतील. तो चुकीचा होता आणि विसाव्या शतकात तो दुरुस्त करण्यात आला, पण त्यांनी घालून दिलेली पद्धत टिकली.

ही पद्धत एका उदाहरणात पाहता येते. समजा, १०० पुरुषांनी १०० वेगवेगळी आडनावे सुरू केली. प्रत्येकाला वयात येणारा सरासरी एक मुलगा होतो, म्हणजे लोकसंख्या स्थिर आहे. मात्र कोणाला एकही मुलगा नाही, कोणाला एक, कोणाला तीन, हे यदृच्छेने ठरते. नेहमीच्या संभाव्यता-वितरणाने हिशेब केला, तर पहिल्याच पिढीत सुमारे ३७ आडनावे संपतात. पाच पिढ्यांनंतर ७३ संपलेली असतात आणि दहा पिढ्यांनंतर, म्हणजे साधारण ३०० वर्षांनी, सुमारे ८४ नाहीशी झालेली असतात. उरलेल्या १६ आडनावांत मिळून माणसे मात्र जवळपास तेवढीच, १०० च असतात. रोगराई, युद्ध, दुष्काळ यांपैकी काहीही न होता हे घडते. इंग्लंडमध्ये तर १३४८-४९ च्या काळ्या प्लेगने लोकसंख्येचा किमान एक तृतीयांश भाग गिळला, आणि तोही नेमका आडनावे स्थिर होत असण्याच्या काळात.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. स्मिथ म्हणजे लोहार; प्रत्येक गावात लोहार होता, म्हणून हे आडनाव हजारो वेळा स्वतंत्रपणे सुरू झाले आणि त्यांतले पुष्कळ वंश संपले तरी नाव राहिले. एका लहान गावावरून पडलेले नाव मात्र एकदा किंवा फार तर दोन-चारदा सुरू होते. ते टिकले तर एखाद्या वंशामुळेच टिकते. इंग्लंड आणि वेल्सची लोकसंख्या १८०१ च्या जनगणनेत सुमारे ८९ लाख होती आणि १९०१ मध्ये ती सव्वातीन कोटींच्या घरात गेली. या वाढीपर्यंत जी आडनावे तग धरून राहिली, त्यांना जीवदान मिळाले. जी आधीच गेली, ती आज फक्त जुन्या डोईपट्टीच्या याद्यांत आणि गावांच्या नावांत भेटतात. ॲटनबरो हे पहिल्या गटातले आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या आडनावांचा जो मोठा कोश २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात आज १०० हून अधिक जणांचे असलेले किंवा १८८१ च्या जनगणनेत २० हून अधिक जणांचे असलेले प्रत्येक आडनाव घ्यायचे, असे धोरण होते. १०० हा आकडा उंबरठा म्हणून पुरेसा वाटावा, यावरूनच इंग्रजी आडनावांच्या यादीचे शेपूट किती लांब आहे हे कळते.

लंडनची शाखा

चित्रपटाच्या कितीतरी आधी, एकोणिसाव्या शतकात, हे आडनाव लंडनमध्ये गहाणवटीच्या दुकानांच्या पाट्यांवर झळकत होते. त्या व्यवसायातील एक खटला आजही इंग्रजी कायद्याच्या अभ्यासात शिकवला जातो. मोझेस सॉलोमन यांचा १८७८ मध्ये मृत्यू झाला आणि त्यांच्या मृत्युपत्राची अंमलबजावणी दोन मुलांकडे आली. देणी भागून गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १८९२ मध्ये, त्यांपैकी एकाने मिळकतीतील चांदीची भांडी परस्पर ॲटनबरो यांच्या पेढीत गहाण ठेवली. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि निकाल पेढीच्या विरुद्ध लागला. मृत्युपत्राचे व्यवस्थापक एव्हाना विश्वस्त झालेले होते आणि एकट्या विश्वस्ताला ती भांडी गहाण टाकण्याचा अधिकारच नव्हता, असे न्यायालयाने ठरवले. ‘ॲटनबरो विरुद्ध सॉलोमन’ या नावाने हा निकाल १९१३ च्या निकालपत्रांत छापला गेला. पेढीने सद्‌भावनेने पैसे दिले होते हे मान्य होऊनही तिला भांडी सोडावी लागली.

हा तपशील येथे देण्याचे कारण असे की, विरळ आडनाव दिसले की ते लावणारे सगळे एकाच घरातले आहेत असे धरून चालण्याचा मोह फार होतो. गहाणवटीची पेढी, स्टेपलफर्डचे कुटुंब आणि लंडनच्या पुस्तकप्रकाशन व्यवसायात असलेले याच नावाचे आणखी एक घराणे, यांना एका वंशवृक्षावर टांगायचे असेल, तर प्रत्येक पायरीवर बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद हाती असली पाहिजे. चर्चच्या अशा नोंदी १५३८ पासून सुरू झाल्या आणि शासकीय जन्म-मृत्यूनोंद १८३७ पासून. त्याआधीच्या काळात नावसाम्याला पुरावा मानणे म्हणजे तपास सोडून देणे होय.

लेस्टरमधील तपासणी

या प्रकरणात लेस्टर शहराला असलेले स्थान विलक्षण आहे. फ्रेडरिक ॲटनबरो हे केंब्रिजमध्ये घडलेले प्राचीन इंग्रजीचे अभ्यासक होते. सुरुवातीच्या इंग्रज राजांच्या कायद्यांचे त्यांनी केलेले संपादन आणि भाषांतर १९२२ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या भाषेतील ‘बर्ह’ त्यांच्या आडनावात बसला आहे, तीच भाषा त्यांनी आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय केली. १९३२ ते १९५१ या काळात ते लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत, १९४८ मध्ये, डब्ल्यू. जी. हॉस्किन्स यांच्या नेतृत्वाखाली तेथे इंग्लिश स्थानिक इतिहासाचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. पुढे १९६५ मध्ये याच विभागात इंग्रजी आडनावांचे परगणावार सर्वेक्षण हाती घेण्यात आले. आडनावाचा विचार शब्दकोशातल्या सुट्या शब्दासारखा न करता तो जमिनीच्या, करांच्या आणि स्थलांतराच्या नोंदींसह करायचा, ही शिस्त त्या कामातून रुजली.

त्याच विद्यापीठातील जनुकशास्त्रज्ञ ट्युरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९ मध्ये आडनाव आणि वाय गुणसूत्र यांच्या संबंधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जाते, इंग्रजी आडनावही तसेच जाते. त्यामुळे दोहोंचा प्रवास जुळतो का, हे तपासता येते. याआधी ऑक्सफर्डच्या ब्रायन साइक्स यांनी २००० मध्ये साइक्स आडनावाच्या ४८ पुरुषांची तपासणी केली होती आणि त्यांतील २१ जणांत एकच वाय-प्रकार आढळला होता. लेस्टरच्या अभ्यासाचा आवाका मोठा होता. त्यात ४० आडनावांचे १,६७८ पुरुष होते आणि त्या ४० मध्ये ॲटनबरो हेही होते.

निकाल असा होता की, आडनाव जितके विरळ, तितकी ते लावणाऱ्यांत समान पूर्वजाची शक्यता अधिक. एखाद्या आडनावातील किती पुरुष अशा समान वंशगटांत बसतात, याचे प्रमाण सरासरी ६२ टक्के होते, पण ते आडनावागणिक शून्यापासून ८७ टक्क्यांपर्यंत बदलत होते. दोन स्मिथांचे वाय-प्रकार रस्त्यावरच्या कोणत्याही दोन पुरुषांइतकेच भिन्न होते. ॲटनबरो आडनावाच्या पुरुषांत मात्र ७० टक्क्यांहून अधिक जणांचे वाय-प्रकार सारखे किंवा जवळजवळ सारखे निघाले.

हे प्रमाण किती मोठे आहे, ते साध्या गुणाकाराने समजते. सातशे वर्षांत सुमारे २३ पिढ्या होतात. विवाहबाह्य संतती, दत्तक, आईचे आडनाव लावलेले मूल, सावत्र बापाचे नाव घेतलेला मुलगा अशा कोणत्याही कारणाने दर पिढीत १०० पैकी फक्त एका मुलाचे आडनाव आणि वाय गुणसूत्र यांची फारकत झाली, तरी २३ पिढ्यांनंतर मूळ जोडी ७९ टक्के पुरुषांतच उरते. दोघांची झाली, तर ६३ टक्क्यांत. ७० टक्क्यांहून अधिक साम्य टिकणे म्हणजे या वंशाची साखळी फारच थोड्या ठिकाणी तुटलेली आहे. आडनावाबरोबर वंशही बऱ्याच अंशी जपला गेला, असे या प्रकरणी म्हणता येते, आणि मला हा निष्कर्ष मनापासून सुखावणारा वाटतो.

तरीही त्यातून ‘पहिला ॲटनबरो सापडला’ असे म्हणता येत नाही. अभ्यासकांनी स्वतःच बजावले आहे की, आजचे वाय-प्रकार सातशे वर्षांपूर्वीच्या मूळ पुरुषांविषयी फारसे भरवशाचे काही सांगत नाहीत. गाल्टन आणि वॉटसन यांचा हिशेब येथे पुन्हा लागू पडतो. ॲटनबरो गावातून चौदाव्या शतकात तीन वेगवेगळे पुरुष बाहेर पडले आणि तिघांनाही गावाचे नाव चिकटले, असे समजा. त्यांपैकी दोघांचे वंश पुढच्या काही पिढ्यांत खुंटले, तर आज आपल्याला एकच वंश दिसेल आणि आपण एकच मूळ पुरुष होता असे मानू. गुणसूत्र टिकलेल्यांची साक्ष देते. खुंटलेल्यांची साक्ष फक्त कागदावर मिळते. म्हणूनच जनुकशास्त्राने दप्तरातील कामाची गरज संपवलेली नाही.

संततीविना विस्तार

विसाव्या शतकात या नावाच्या प्रसाराला एक वेगळीच वाट मिळाली. ॲटनबरो गावालगत १९२९ पासून वाळू-खडीचे उत्खनन सुरू होते; त्या खाणींत पाणी साचून तळी झाली, पक्षी येऊ लागले, आणि १९६६ मध्ये तेथे निसर्ग राखीव क्षेत्र स्थापन झाले. त्याचे उद्‌घाटन डेव्हिड ॲटनबरो यांनी केले. राखीव क्षेत्राचे नाव गावावरून आहे, डेव्हिड यांच्यावरून नाही, हे तेथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे.

त्यांच्या गौरवार्थ ठेवलेली नावे वेगळी आहेत आणि ती पुष्कळ आहेत. न्यू गिनीतील सायक्लॉप्स पर्वतातील लांब चोचीचा एकिडना १९६१ मध्ये मिळालेल्या एकाच नमुन्यावरून पुढे स्वतंत्र जाती म्हणून ओळखला गेला आणि त्याला ‘झॅग्लोसस ॲटनबरोई’ हे नाव मिळाले; २०२३ मध्ये तो कॅमेऱ्यात जिवंत दिसला. फिलिपाइन्समधील पालावान बेटावरच्या माउंट व्हिक्टोरियावरील प्रचंड घटपर्णीला २००९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. १९९३ मध्ये एका जुरासिक सागरी सरीसृपाच्या प्रजातीचे नाव ‘ॲटनबरोसॉरस’ ठेवले गेले. त्याचा मूळ जीवाश्म दुसऱ्या महायुद्धात ब्रिस्टलच्या संग्रहालयावर झालेल्या बाँबहल्ल्यात नष्ट झाला आणि शास्त्रज्ञांना साच्यातून घेतलेल्या प्रतिकृतीवर काम करावे लागले. जीवशास्त्रीय नामकरणाच्या नियमांनुसार रीतसर प्रसिद्ध झालेले नाव त्या जातीच्या नोंदीतून पुसले जात नाही, मग पुढे वर्गीकरण बदलले तरी. मुलगा होण्या-न होण्यावर ज्याचे टिकणे सातशे वर्षे अवलंबून राहिले, त्या आडनावाला ही हमी आता प्रथमच मिळाली आहे.